कोऱ्या भिंतीचा प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या पुतण्याने पुण्याच्या मांजरी बुद्रुकला एका उंच इमारतीत घर घेतले आणि वास्तुशांतीच्या आमंत्रणाबरोबर एक कामगिरीही माझ्याकडे सोपवली. दिवाणखान्यात सोफ्यामागची चौदा फूट लांबीची भिंत कोरी राहिली होती. इंटिरिअर करणाऱ्या गृहस्थांनी तिच्यासाठी 'सहा बाय चारचे ॲबस्ट्रॅक्ट' सुचवले होते, नमुन्यांची जाडजूड वही आणून दिली होती, दर चौरस फुटाचा सांगितला होता, आणि पडद्यांच्या मोरपंखी रंगाशी जुळेल असा एक निळा-सोनेरी नमुना परस्पर पसंतही करून टाकला होता. "काका, तुम्ही चित्रांविषयी लिहिता, हे घेऊ का सांगा," असा पुतण्याचा सवाल. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, वही एकदा सुलटी व एकदा उलटी धरून पाहिली आणि विचारले, "यात वर कुठलं नि खाली कुठलं, ते तरी सांगा भावोजी."

वहिनींच्या प्रश्नाला सगळे हसले. पण तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराने १९४१ साली रंगीत चिकटपट्ट्या लावून केलेली एक कृती १९४५ पासून उलटीच टांगली जात असावी, असे ती ज्यांच्या संग्रहात आहे त्या जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाच्या अभ्यासकांनी २०२२ साली जाहीर केले. आणि आता ती सुलटी करू जावे तर जुन्या पट्ट्या निखळून पडतील या भयाने ती उलटीच राहू देण्याचा निर्णय झाला. ज्या चित्राचे वर-खाली तज्ज्ञांनाही पाऊणशे वर्षे उमगले नाही, त्याविषयी एका गृहिणीने शंका काढली तर तिला अडाणी ठरवण्याचा हक्क कुणाला पोहोचत नाही. पुतण्याचा प्रश्न मात्र मला अधिक अवघड वाटला, कारण त्यात चित्राआधी भिंत आली होती.

म्हणून आधी भिंतीची हकीकत पाहणे बरे. आपल्या जुन्या वाड्यांतून मोठे चित्र टांगण्यास जागाच नसे. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, साऱ्या इमारतीचा भार तोलणारी; तिच्या पोटात कोनाडे, देवळ्या, फडताळे, अंगावर खुंट्या आणि दिव्यांची कडी; म्हणजे भिंत हीच कपाट, भिंत हाच देव्हारा, आणि भिंत हीच दिवाबत्तीची सोय. चित्र हवेच असेल तर ते थेट गिलाव्यावर काढीत, जसे वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आजही पाहावयास मिळते. पुढे रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो कालांतराने लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत छापील चित्रे घरोघर पोहोचली. पण तीही आढ्याच्या खाली, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, किंचित पुढे कललेली टांगण्याचा प्रघात पडला, कारण खालची भिंत खुंट्यांनी आणि कोनाड्यांनी आधीच व्यापलेली होती. चित्राकडे मान वर करून, हात जोडून पाहावयाची आपली सवय काही अंशी भक्तीची असली तरी काही अंशी ती जागेच्या टंचाईचीही आहे, असे मला वाटते.

सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आला आणि भिंतीची ही सारी कामे संपुष्टात आली. भार खांबांनी व तुळयांनी उचलला. भिंत सहा इंचांची, कुठे चार इंचांची उरली. तिच्या पोटात कोनाडा काढू म्हटले तर पलीकडच्या खोलीत उजेड दिसावा. सामान प्लायवूडच्या कपाटांत गेले, देव स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेले, आणि दिवाणखान्यात एक गुळगुळीत, निरुद्योगी, चौदा फुटी पांढरी पाटी शिल्लक राहिली. मांजरीत हे स्थित्यंतर फार झपाट्याने झाले. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव उसाचे, भाजीपाल्याचे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्था येथे आहेत, त्या या मातीच्या गुणामुळेच शोभतात. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेच्या हद्दीत आले, त्याच्या आधीपासूनच सातबाऱ्याच्या उताऱ्यांची जागा सदनिकांची खरेदीखते घेऊ लागली होती, आणि प्रत्येक खरेदीखताबरोबर अशी एकेक कोरी भिंत जन्माला येत होती.

या भिंतीवर काय शोभेल, हा प्रश्न मांजरीआधी पुष्कळांना पडला आहे. न्यूयॉर्कला पेगी गुगेनहाइम या संग्राहक बाईंनी १९४३ साली आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी जॅक्सन पोलॉक या तेव्हा फारशा प्रसिद्ध नसलेल्या चित्रकाराकडून सुमारे आठ फूट उंच आणि वीस फूट लांब असे चित्र करवून घेतले; आणि ते भिंतीवर न रंगवता कॅनव्हासवर रंगवावे, म्हणजे बिऱ्हाड बदलले तरी बरोबर नेता येईल, असा व्यवहारी सल्ला मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने दिला. ते चित्र आज आयोवा विद्यापीठाच्या संग्रहात आहे. भाड्याच्या घरांत आयुष्य काढणाऱ्या शतकाने चित्रालाही बिऱ्हाडकरू केले ते असे.

आता 'अमूर्त' म्हणजे काय? मराठी विश्वकोशाने यासाठी 'अप्रतिरूप' अशी संज्ञा योजली आहे, आणि ती मला अधिक काटेकोर वाटते, कारण असल्या चित्रात मूर्त असे रंग, रेषा, पोत, आकार सारे असतेच. फरक एवढाच, की ते कशाचे तरी प्रतिरूप आहे असे म्हणता येत नाही. युरोपात वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकाराने १९११ साली कलेतील आध्यात्मिक अंशाविषयी पुस्तक लिहून या विचाराला शास्त्राधार दिला, १९१५ साली मालेविच या चित्रकाराने पांढऱ्यावर नुसता काळा चौकोन रंगवला, आणि मग वादंग माजले. परंतु वस्तूला रूप नसताना तिच्यासमोर स्तब्ध उभे राहण्याची सवय आपल्याला युरोपने लावलेली नाही. शेताच्या बांधावरच्या शेंदूर फासलेल्या म्हसोबाला नाक कुठे आणि डोळे कुठे, असे मांजरीच्या कोणा शेतकऱ्याने विचारल्याचे ऐकिवात नाही. देवीचा तांदळा हा तर नावानेच निराकार. शेणाने सारवलेल्या भिंतीवर सारवणाऱ्या बाईच्या पंजाची अर्धवर्तुळे एकीत एक गुंतत, एका लयीत कोपऱ्यापर्यंत जातात आणि वाळल्यावर तिरप्या उन्हात उठून दिसतात. ती कशाची चित्रे आहेत, असा प्रश्न वहिनींनाही लहानपणी पडला नसावा. (रागसंगीताचा दाखला येथे देण्याची वहिवाट आहे, तो इतका वापरला गेला आहे की मी तो वाचकांवर सोपवून पुढे जातो.)

या प्रांतातला महाराष्ट्राचा मानबिंदू म्हणजे वासुदेव संतू गायतोंडे. घराणे गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपूरचा, बालपण गिरगावच्या चाळीतले, आणि शिक्षण सर जे. जे. कलाशाळेतले, जिथून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. आरंभी त्यांच्या चित्रांत मनुष्याकृती होत्या, पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या रेषेची छाया होती. पुढे आकृती विरघळत गेल्या आणि केवळ रंगाची, प्रकाशाची व पोताची पृष्ठे उरली. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली, १९७२ नंतर दिल्लीत राहिले आणि २००१ साली निवर्तले. झेन विचाराचा त्यांच्यावर गाढ संस्कार होता. आपल्या चित्रांना 'ॲबस्ट्रॅक्ट' म्हणणे त्यांना रुचत नसे; 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे वस्तुनिरपेक्ष, असे ते म्हणत, आणि हा केवळ शब्दच्छल नव्हता: निसर्गातून काहीतरी गाळून घेतले म्हणजे उरते ते अमूर्त, पण वस्तूपासून आरंभच झाला नाही तर गाळणार काय?

वर्षाकाठी त्यांच्या हातून पाचसहा कॅनव्हास उतरत. पुतण्याच्या नमुनावहीत एका पानावर तेवढे नमुने होते. ही मंदगती आळसाची नव्हती, ती त्या पृष्ठाच्या घडणीतच होती, आणि येथे थोडे जवळ जाऊन पाहावे लागेल. गायतोंडे कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंगाची सुरी अधिक वापरीत. रोलरने रंग पसरायचा, सुरीने तो ठिकठिकाणी खरवडायचा, फाडलेल्या कागदाचे कपटे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे त्यांच्या कडांचे पुसट ठसे मागे राहतात, आणि मग त्यावर पुन्हा पातळसा थर द्यायचा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, आणि खालचा थर पुरता बसण्यापूर्वी वर जाड थर चढवला तर पुढे भेगा पडतात. म्हणून थांबावे लागते. पण थांबल्याचे फळ असे, की पारदर्शक थरांतून प्रकाश आत शिरतो, तळाच्या पांढऱ्या अस्तरावर आपटून परत फिरतो, आणि रंगातून दोनदा गाळला गेल्यामुळे आतूनच उजळल्यासारखा बाहेर येतो. मांजरीच्या वाचकाला याहून सोपा दाखला देता येईल. वेलीवरच्या पिकल्या द्राक्षाच्या सालीवर जी पांढुरकी, बोट लागताच पुसली जाणारी लव असते, तिच्यामुळे आतला काळा-जांभळा रंग एकाच वेळी झाकला जातो आणि खोलही वाटतो; धुऊन ताटलीत ठेवलेले तेच द्राक्ष नुसते चकाकते. गायतोंड्यांचा कॅनव्हास हे लव न पुसलेले द्राक्ष होय, आणि चौरस फुटाच्या दराने येणारा छापील कॅनव्हास हे धुतलेले.

१९८४ साली त्यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही काळ मोठा कॅनव्हास हाताळणे अशक्य झाल्याने त्यांनी कागदावर लहान शाईचित्रे केली. ती पाहिली की कळते, मोठेपणा हा फुटांचा प्रश्न नाही. पण लोकांना आकडेच स्मरतात. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक अनाम चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ साली त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. ज्या माणसाने खोलीत सामान म्हणून जवळजवळ काही ठेवले नाही, त्याची चित्रे आज ज्या दिवाणखान्यांत लागतात तेथे सामानाची रेलचेल आहे. याला दैवाचा विनोद म्हणावे.

आधुनिक इमारतीत आधुनिक चित्र कसे नांदावे, याचा वस्तुपाठ मात्र कोणा धनिकाच्या घरी नसून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. संस्थेचे संस्थापक होमी भाभा स्वतः चित्रे काढीत. कुलाब्याच्या टोकाला संस्थेची इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्या भिंतींसाठी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे जाणीवपूर्वक खरेदी केली. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे 'भारत भाग्यविधाता' हे प्रचंड भित्तिचित्र तेथे आहे आणि गायतोंड्यांच्या कृतीही आहेत. या संग्रहात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की चित्रे कुलूपबंद दालनात नव्हेत तर शास्त्रज्ञांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या मार्गांवर लावली गेली. समीकरण अडले म्हणून बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीला ती हजार वेळा पडत, आणि एखाद्या दिवशी दिसत.

याच्या उलट उदाहरण मार्क रॉथ्को या अमेरिकी चित्रकाराचे. १९५८ साली न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील एका अतिशय महागड्या उपाहारगृहासाठी त्याने चित्रमालिका करण्याचे पत्करले, लाल-तपकिरी-काळ्या रंगांची भव्य चित्रे सिद्ध केली, आणि मग एके दिवशी तेथे जेवायला जाऊन आल्यावर, असल्या ठिकाणी जेवणारे लोक ही चित्रे पाहणार नाहीत अशी खात्री होऊन, त्याने घेतलेले पैसे परत केले व चित्रे काढून घेतली. त्यातली काही १९७० साली लंडनच्या टेट संग्रहालयाकडे गेली. याच रॉथ्कोचे म्हणणे असे, की मोठे चित्र काढावयाचे ते दरारा वाटावा म्हणून नव्हे, तर जवळीक वाटावी म्हणून: लहान चित्राच्या तुम्ही बाहेर उभे असता, मोठ्याच्या आत. तो प्रेक्षकाला अवघ्या अठरा इंचांवर उभे राहावयास सांगे म्हणतात. एवढ्या जवळून कडा नजरेआड होतात, रंगाला बाहेरची तुलना उरत नाही, आणि निळा म्हणजे पडद्यापेक्षा फिका की गडद हा प्रश्नच निकालात निघतो.

नमुनावहीतला आणि इंटिरिअरच्या तजविजीतला मूळ दोष येथेच आहे. टपाल-तिकिटाएवढ्या नमुन्यावरून सहा फुटी रंगाचा अदमास बांधता येत नाही, आणि पडद्याशी जुळणारे चित्र हे पडद्याचाच एक तुकडा होऊन बसते. ज्याला जुळवूनच घ्यायचे आहे त्याने चित्र आधी घ्यावे आणि गाद्यांचे अभ्रे मागाहून शिवावेत. अभ्रे दर तीन वर्षांनी विटतात.

पुतण्याला मी पुढे ज्या चार व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या, त्या इतरांच्याही कामी याव्यात. चित्र हाताने रंगवलेले की छापील, हे ओळखायला पारख लागत नाही. मोबाइलचा दिवा भिंतीला जवळजवळ समांतर धरून चित्रावर तिरपा झोत सोडावा. रंगवलेल्या चित्रात उंचवटे रंगाबरोबर चालतात: जेथे सुरी फिरली तेथेच रंग बदलतो. छापलेल्या कॅनव्हासवर मागाहून पारदर्शक लेप ओढून जो खडबडीतपणा आणतात, तो खालच्या चित्राशी फटकून वागतो. फटकारा एकीकडे आणि उंचवटा भलतीकडे. छापील घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. पण ते छापील म्हणून, छापिलाच्या मोलाने घ्यावे. चित्र विकत घेतले तरी कब्जा तेवढा आपला होतो. स्वतंत्र करार नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे प्रती काढण्याचा हक्क सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो, हेही ध्यानात असावे.

टांगताना आपण हटकून फार उंच टांगतो. वाड्यातल्या लक्ष्मीची ती सवय. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा. सोफ्यावर असेल तर सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच अंतर पुरे, आणि रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. पुण्याचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या बाहेरील भिंतीवर कॅनव्हास लावू नये. नव्या इमारतीतला गिलावा तर पहिली काही वर्षे ओल सोडीतच असतो. चौकटीच्या चारी कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. दमट हवेत कॅनव्हास सैलावतो. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असल्या तर त्या हलकेच ठोकून तो पुन्हा ताणता येतो. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी. ओल्या फडक्याचा मोह दिवाळीच्या साफसफाईतही आवरावा.

आणि लिफ्टचे दार मोजावे. माझ्या एका स्नेह्यांनी सात फूट बाय साडेपाच फुटांचे चित्र मोठ्या हौसेने घेतले. ते लिफ्टमध्ये तिरपेही मावेना, जिन्याच्या वळणावर अडकले, आणि नवव्या मजल्यापर्यंत पोहोचण्याऐवजी दोन महिने तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत त्याच्या सायकलीमागे उभे राहिले. अखेर चौकटीवरून सोडवून, गुंडाळून वर न्यावे लागले. अशा वेळी हमालाने सतरंजीप्रमाणे रंगाची बाजू आत घेऊन गुंडाळले तर रंग चुरगळून भेगाळतो. रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळकांड्यावर, सैल गुंडाळावे लागते. दोन भागांत रंगवलेली जोडचित्रे घेण्यात शहाणपण आहे ते काही सौंदर्यशास्त्रामुळे नव्हे.

पुतण्याने तूर्त खरेदी लांबवली आहे. भिंतीवर त्याने पेन्सिलीने सहा बाय चारचा चौकोन आखला आहे आणि कोणत्या महिन्यात किती वाजता त्यावर ऊन येते, ते तो पंचांगाच्या समासात टिपून ठेवतो. वहिनी म्हणतात, हा रिकामा चौकोनच बरा दिसतो. मला त्यांचे म्हणणे नमुनावहीपेक्षा अधिक पटते. परंतु माणसाने काही न पाहताच रिकाम्या चौकोनावर संतुष्ट व्हावे हेही बरे नाही. ज्यांच्या घरी अशी भिंत वाट पाहते आहे त्यांनी खिशाला हात घालण्यापूर्वी एक दिवस मुंबईस जाऊन यावे. काळ्या घोड्याजवळचे जहांगीर कलादालन १९५२ पासून चालू आहे, तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय तेथून चालत पाच मिनिटांवर आहे. पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते. कलादालन अकराला उघडते.